तामन सारी: सुलतानाची चैन की राजधानीचा गड?

उंडगा:
इंडोनेशियातल्या योग्याकार्ताला जाऊन आलेला प्रत्येक जण तामन सारीच्या, म्हणजे तिथल्या सुलतानाच्या जुन्या जलबागेच्या, त्याच हौदांचे फोटो टाकतो आणि गाइडचीच गोष्ट ऐकवतो: सुलतान मनोऱ्यात बसायचा आणि खाली न्हाणाऱ्या बायकांतली एक निवडायचा. या एका गोष्टीने त्या जागेचं पार मातेरं केलंय, असं माझं मत.

1755 च्या गियांती तहाने जावातलं मातारामचं राज्य दुभंगलं. डच कंपनीच्या मध्यस्थीने अर्धा वाटा राजपुत्र मंगकुबूमीला मिळाला. तोच योग्याकार्ताचा पहिला सुलतान, पहिला हामेंगकुबुवोनो. पुढच्या तीनच वर्षांत, 1758 ला, तामन सारी उभी राहू लागली. वर्षानुवर्षं लढून गादीवर बसलेला, डच उशाशी असलेला माणूस नुसती न्हाणीघरं कशाला बांधेल? दहा हेक्टरांहून मोठा पसारा होता तो. सगारान नावाचा कृत्रिम तलाव, मधल्या बेटावर गडोंग केनांगा ही इमारत, खालून भुयारी वाटा. सुमूर गुमुलिंग ही दुमजली गोल वास्तू मशीद म्हणून ओळखली जाते, दोन्ही मजल्यांवर मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) आहे. हौद हा त्यातला एक कोपरा. बाकी सगळी अडचणीच्या वेळची सोय.

पाणवठा:
सोय असेल, पण उपयोग काय झाला? जून 1812 मध्ये, जावाचा इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्सच्या काळात, इंग्रजांनी हल्ला केला आणि काही तासांत राजवाडा पडला. दुसरा हामेंगकुबुवोनो पकडला गेला, पेनांगला हद्दपार झाला. (त्या फौजेत बंगालचे शिपाईही होते, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.) आणि तामन सारी हाच गड होता, तर 1780 च्या दशकात राजवाड्याभोवती वेगळी तटबंदी कशासाठी घातली?

उंडगा:
पुढे तटबंदी वाढवली म्हणजे आधीची जागा बचावाची नव्हतीच, हे कुठलं तर्कशास्त्र? आपल्या किल्ल्यांना माच्या नंतर जोडल्याच ना.

कावेरीकाठ:
तुम्ही दोघं तट आणि भुयारांत अडकलात. मनोऱ्यावरची गोष्ट खोटी धरू. पण जनानखाना खोटा नाही. हौदांची वाटणीच बघा: मुलांचा एक, राण्या-उपस्त्रियांचा एक आणि सुलतानाचा खासगी वेगळा. गोष्ट चावट वाटते म्हणून त्या बायकांनाच इतिहासातून बाहेर काढणार का?

आणि खर्च कुणी केला? पूर्व जावातल्या मादियुनचा अधिपती प्रविरोसेंतिको आणि त्याची रयत. त्या बदल्यात त्यांना कर माफ झाला म्हणे. म्हणजे कर गेला आणि वेठ आली! चैन होती की गड होता, हे मादियुनच्या शेतकऱ्याला विचारायला हवं होतं.

उंडगा:
खर्चाचा मुद्दा वाजवी आहे. पण रयतेच्या घामावर गडही बांधले जातात. त्याने ती जागा चैनीची ठरत नाही.

गोलघुमट:
मध्येच तोंड घालतो. हे सगळं कुणा पोर्तुगीजाने बांधलं ना? देमांग तेगिस की कोण, समुद्रातून वाहून आलेला?

पाणवठा:
दंतकथा आहे ती. कमानी-खिडक्या युरोपी वळणाच्या दिसतात, म्हणून चिकटली. वास्तूचं साल मात्र चार नागांच्या कोड्यात आहे, त्यात प्रत्येक शब्द एक अंक सांगतो: 'चतुर नाग रस तुंगल', म्हणजे 4, 8, 6, 1. आपल्या शिलालेखांसारखं उलटं वाचा, जावी साल 1684, म्हणजेच 1758. हे कोडं घालायला जावी कवीच लागतो. हां, अलीकडच्या डागडुजीला लिस्बनच्या गुलबेंकियन फाउंडेशनने पैसा दिला, तेवढा पोर्तुगाल खरा.

गोलघुमट:
मग तो तलाव पुन्हा भरून टाकावा की. सगळं मूळ रूपात येईल.

कावेरीकाठ:
कुठे भराल? 1867 च्या भूकंपात बरंच काही ढासळलं, तळं आटलं, आणि तळात लोक राहायला आले. आज तिथे कांपुंग तामन ही वस्ती आहे, गल्ल्या आहेत, बाटिकची दुकानं आहेत. शेजारचा ङासेमचा पक्षीबाजार 2010 ला हलवला, तेवढं पुरे. पाण्याखातर माणसं उठवणार असाल तर तो सुलतानही नको आणि त्याची बागही नको.

उंडगा:
माणसं उठवा असं मी म्हटलेलं नाही. गाइडने हौदापाशी दहा मिनिटं घालवण्याऐवजी सुमूर गुमुलिंगच्या मधल्या पाच जिन्यांपाशी थोडं थांबावं, एवढंच मागणं आहे.

पाणवठा:
तिथेही लोक सेल्फीच काढतात हो.