खोकणाऱ्या पेशंटजवळ एन-९५ मास्क सक्तीचा हवा, निदान होण्याआधीपासून

रात्रपाळी:
अकरा वर्षं वॉर्डात सिस्टर आहे, त्या अनुभवावरून लिहितेय. खोकला-ताप घेऊन पेशंट दाखल झाला की रिपोर्टची वाट न बघता त्याच्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर एन-९५ असायलाच हवा. प्रत्येकाच्या म्हणजे लादी पुसणारे, ट्रॉली ढकलणारे, जेवण आणून देणारे, सगळ्यांच्या.

आमच्याकडे पेशंट न्यूमोनिया म्हणून यायचा. साधा सर्जिकल मास्क लावून आम्ही चार-पाच दिवस त्याला नेब्युलायझर द्यायचो, थुंकी गोळा करायचो, अंग पुसायचो. मग रिपोर्ट यायचा : टीबी. त्या दिवशी दारावर पाटी लागायची आणि कपाटातले एन-९५ बाहेर निघायचे. पण योग्य औषधं सुरू झाली की पेशंटकडून होणारा फैलाव कमी होत जातो. म्हणजे खरा धोका होता तेव्हा आम्ही उघड्यावर, आणि तो ओसरायला लागल्यावर आम्हाला संरक्षण! माझ्या पाळीतल्या एका मुलीला फुप्फुसाचा टीबी झाला. सहा महिने गोळ्या घेतल्या तिने. तो वॉर्डातूनच आला हे मला सिद्ध करता येणार नाही, पण त्या पेशंटची थुंकी तीच गोळा करत होती.

पांढरा_कोट:
सिस्टर, तुमच्या मैत्रिणीबद्दल वाईट वाटलं. टीबी, गोवर, कांजिण्या यांचा नुसता संशय आला तरी एन-९५ लावावा, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण सरसकट सक्तीला माझा विरोध आहे. अमेरिकेत २,८६२ आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तपासणीत सिद्ध झालेल्या फ्लूचं प्रमाण एन-९५ वापरणाऱ्यांत ८.२ टक्के होतं आणि साध्या मास्कवाल्यांत ७.२. २०२२ मध्ये कोविडसाठी चार देशांत झालेली तशीच चाचणी आली : कोविड झालेले एन-९५ गटात ९.२७, सर्जिकल मास्कच्या गटात १०.४६ टक्के. फरक नगण्य.

मी वयस्कर पेशंट बघतो. परवा एका आजींना औषधं समजावत होतो. प्रत्येक वाक्याला त्या मान डोलवत होत्या. शेवटी विचारलं, "आजी, गोळी कधी घ्यायची?" तेव्हाही नुसती मान डोलली. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्या ओठ वाचतात. माझे ओठ मास्कच्या आड. चुकीचा डोस हाही धोकाच आहे, फक्त तो कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

सूक्ष्मदर्शक:
डॉक्टरसाहेब, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. २०१९ च्या चाचणीत मास्क पेशंटजवळ असतानाच लावायचा होता. घरी, बसमध्ये, डबा खाताना लागण झाली तर तीही त्याच हिशेबात धरली जाते. मग दोन्ही गट सारखेच दिसणार. आणि २०२२ च्या चाचणीत अनिश्चितता इतकी मोठी होती की सर्जिकल मास्कने धोका ६९ टक्क्यांनी जास्त असण्याची शक्यताही तिने नाकारलेली नाही. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९१०-११ ची, ईशान्य चीनमधल्या मांचुरियातली प्लेगची साथ आठवा. डॉ. वू लिएन-तेह सांगत होते की हा प्लेग श्वासातून पसरतोय, कापडी मास्क बांधा. ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेनी यांना ते पटलं नाही. मास्क न लावता त्यांनी पेशंट तपासले आणि थोड्याच दिवसांत ते प्लेगने गेले.

पांढरा_कोट:
ती गोष्ट मलाही हलवून जाते. पण ती प्लेगची आहे, दर हिवाळ्यातल्या सर्दी-खोकल्याची नाही.

फिट_टेस्ट:
कर्मचाऱ्यांच्या मास्कची फिट टेस्ट घेणं हे माझं काम आहे. इथे सगळे मास्कच्या नावावर भांडताय, त्याच्या कडेबद्दल कोणी बोलतच नाही. एन-९५ चं कापड ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतं, कारण त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो (म्हणून तो धुवायचा नाही, स्पिरिट मारायचं नाही). पण गालाशी फट राहिली तर हवा कापडातून न जाता तिथूनच आत येते.

टेस्टमध्ये डोक्यावर टोपडं चढवून आत सॅकरिनचा गोड फवारा मारतो. माणसाला मान वळवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला लावतो. मास्क नीट बसला असेल तर काही लागत नाही. बारीक चेहऱ्याच्या कितीतरी मुली पहिल्याच ओळीला म्हणतात, "गोड लागतंय." एकाच मापाची खोकी मागवलेली असतात, दुसरं काय होणार! दाढी असेल तर टेस्ट घेण्यातच अर्थ नाही. सक्ती जरूर करा, पण आधी तीन-चार मापं आणि मॉडेलं मागवा.

रात्रपाळी:
अगदी खरं. आमच्याकडे खालची पट्टी मानेमागे न घेता लोंबती ठेवणारे रोज दिसतात. दोन बोटांनी नाकावरची तार दाबायची, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, डोळ्यांकडे वारा आला तर पुन्हा बसवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण नवीन मुलांना ते कोणी दाखवतच नाही.

डॉक्टर, तुमच्या आजींची अडचण खरी आहे, मी ती झटकून टाकत नाही. आम्ही जाड पेनाने मोठ्या अक्षरात लिहून दाखवतो, पेशंटकडून परत म्हणवून घेतो. वेळ जातो, मान्य. पण एक सांगा, त्या आजी कशासाठी दाखल झाल्या होत्या?

पांढरा_कोट:
तीन आठवड्यांचा खोकला. थुंकीचा रिपोर्ट अजून यायचाय.