संक्षिप्त बुद्धिमापनावरून मुलीची एकूण बौद्धिक क्षमता ठरवावी का?

प्रश्न – शालेय समुपदेशक
वाचन जड जाणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीची वेक्स्लर मालिकेतील वॅसी-२ ही संक्षिप्त चाचणी आमच्याकडे दोनच उपचाचण्यांच्या स्वरूपात घेतली गेली आणि बुद्ध्यंक ८४ आला. सुमारे पंधरा मिनिटांच्या त्या मापनावरून ‘एकूण बौद्धिक क्षमता सरासरीपेक्षा कमी’ असे अहवालात लिहावे, असा आग्रह धरला जात आहे. मला ते पटत नाही. परंतु पूर्ण चाचणीची मागणी करायची तर कारणे नेमकी मांडता यायला हवीत.

उत्तर – बालमानसतज्ज्ञ
आपली शंका रास्त आहे. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ असलेल्या या मापनपट्टीवर विश्वसनीयता, म्हणजे निकालातील सातत्य, ०.९० धरली, तरी मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेला गुण खऱ्या गुणापासून सहसा जितका ढळतो ते अंतर, सुमारे ४.७ गुण भरते. म्हणजे ९५ टक्के खात्रीने बोलायचे झाल्यास खऱ्या गुणाची कक्षा साधारण ७५ ते ९३ अशी होते आणि तिचे वरचे टोक सरासरी गटात जाते. दोन्ही उपचाचण्यांचे टी-गुण (प्रत्येक उपचाचणीचे प्रमाणित गुण) वेगवेगळे किती आहेत?

प्रश्नकर्ता
शब्दसंग्रह ३४, आकृतिबंध (आकृत्यांच्या मांडणीतील नियम ओळखणे) ४७.

उत्तर – बालमानसतज्ज्ञ
मग ८४ हा आकडा या मुलीबद्दल फारच थोडे सांगतो. टी-गुणांची सरासरी ५० असते, त्यामुळे आकृतिबंधांतील तिचा तर्क सरासरीच्या जवळ आहे आणि एकत्रित गुण खाली ओढला आहे तो शब्दसंग्रहाने. शब्दांचे अर्थ तोंडी सांगायचे असले, तरी या वयात नवे शब्द मोठ्या प्रमाणावर वाचनातून येतात. जिला वाचन जड जाते तिचा शब्दसंग्रह त्यामुळे तोकडा राहू शकतो. म्हणजे वाचनाच्या अडचणीचा परिणामच येथे त्या अडचणीचे कारण म्हणून नोंदवला जाण्याचा धोका आहे, आणि मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते.

उत्तर – विशेष शिक्षक
आणखी एक मुद्दा. ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगणे, ठरावीक वेळेत चिन्हे उतरवणे, अशी कामे वॅसी-२ मध्ये नसतात. विस्क-५ या वेक्स्लर मालिकेतील मुलांसाठीच्या पूर्ण चाचणीत मात्र कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणे) आणि प्रक्रियेचा वेग या दोहोंचा एकूण बुद्ध्यंकात वाटा असतो. वाचनदोष असलेल्या अनेक मुलांची अडचण नेमकी तेथे दिसते. चाळणी म्हणून किंवा संशोधनातील गटाचे वर्णन करण्यासाठी संक्षिप्त चाचणी उपयुक्त आहे, निदानासाठी नाही. सध्याच्या अहवालात दोन्ही टी-गुण स्वतंत्र द्यावेत, ८४ सोबत त्याची कक्षा लिहावी आणि ‘पूर्ण मूल्यमापन व वाचनाची स्वतंत्र तपासणी आवश्यक’ अशी स्पष्ट शिफारस करावी.