मदत हवी आहे : आमच्या सिस्टरांची नावं आणि तारखा

नमस्कार मंडळी. जालन्याकडच्या आमच्या गावात मिशनच्या सिस्टरांनी, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती संन्यासिनींनी, दवाखाना आणि मुलींचं वसतिगृह चालवलं. माझी आई तिथेच शिकली. देवाघरी गेलेल्या सिस्टरांसाठी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) एकेकीचं नाव घेऊन प्रार्थना करायची आहे. नुसतं ‘सर्व सिस्टर’ म्हणून भागवणं मला पटत नाही. रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावून आलेल्या बाया या.

अडचण अशी, की दफनभूमीतल्या क्रुसांचा रंग उडालाय. एकावर फक्त ‘सि. मे’ एवढंच वाचता येतं. बऱ्याच जणी तर बदलीनंतर दुसरीकडेच वारल्या.

धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या स्थानिक चर्चच्या, मृत्यू नोंदवहीत इथे पुरलेल्यांची नोंद असायला हवी, ती फादरांना विचारतेच आहे. पण बाहेर वारलेल्यांचं काय? सिस्टर ज्या संस्थेच्या, तिच्या मुख्य मठात मृत भगिनींची तारीखवार यादी ठेवतात, पुण्यतिथीला त्यातून नाव वाचतात. ती मागायला पत्र कुणाच्या नावे लिहायचं, संस्थेच्या प्रांताच्या प्रमुख सिस्टरांच्या की मुख्य मठाच्या? फादरांची चिठ्ठी जोडावी लागते का? औरंगाबाद धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागात) कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा. जुन्या वसतिगृहातल्या मुलींकडे फोटो असतील तर तेही हवेत, मागे नाव लिहिलेले असले तर फारच बरं.