पुन्हा: पुन्हा: हॉल बदललाय, आईबाबांना कसं कळवायचं?

प्रेषक: मंदार (न्यू जर्सी)

मंडळी, तातडीचं आहे. रविवारचा नाशिकचा आईबाबा मेळावा आता कॉलेज रोडला नाही, इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅकजवळ. जुन्या हॉलवाल्यांनी लग्नाला जागा दिली, अ‍ॅडव्हान्स परत आलाय, तो विषय संपला. अडचण वेगळी आहे. १३८ जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट केलं आणि ‘पोचला’ फक्त ४१ जणांच्या नावापुढे दिसतंय. उरलेले ९७ जण रविवारी जुन्या हॉलच्या दारात उभे राहणार. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. काय करायचं?

प्रेषक: निखिल (बर्लिन)

मंदार, ब्रॉडकास्ट ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. आपल्या आईबाबांनी न्यू जर्सीचा नंबर कशाला सेव्ह करून ठेवावा? शिवाय एका यादीत २५६ च जण. मी मार्चपासून सांगतोय, टेलिग्रामवर चॅनेल काढा. उशिरा आलेल्यालाही जुने निरोप दिसतात, आणि कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही.

प्रेषक: शुभा (दुबई)

निखिल, माझ्या सासूबाईंकडे टेलिग्राम नाही. रविवारपर्यंत ९७ फोनवर ते कोण घालून देणार? तू बर्लिनहून?

मंदार, ग्रुप कर ना सरळ. १,०२४ जण मावतात. ‘फक्त अ‍ॅडमिन’ लावून ठेव, म्हणजे पहाटे पाचला गुलाबाची फुलं येणार नाहीत.

प्रेषक: मंदार

शुभाताई, केला होता. अर्ध्यांच्या सेटिंगमध्ये अनोळखी माणसाला ग्रुपमध्ये जोडता येत नाही, नुसतं आमंत्रण जातं. आणि ते आमंत्रण म्हणजे फसवणूक असं त्यांना त्यांच्याच मुलांनी शिकवलंय. म्हणजे आपणच. आणखी जोडत बसलो तर व्हॉट्सअ‍ॅप माझा नंबरच बंद करेल अशी भीती.

प्रेषक: वैशाली (सिंगापूर)

साधा एसएमएस का नाही? त्याला नेट लागत नाही, सेव्ह केलेला नंबर लागत नाही. बाबा पंचवटीत राहतात. वायफाय गेलं की त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप चार-चार दिवस झोपलेलं असतं, पण एसएमएस टुण्णकन वाजतो.

प्रेषक: निखिल

एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा, देवनागरीत ७० चा. काना, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगळं मोजतात. ‘ज्येष्ठ नागरिक मेळावा’ एवढ्यातच २१ गेली. पत्ता लिहीपर्यंत दोन एसएमएस. आणि एकगठ्ठा पाठवायचे तर भारतात आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर, नोंदणी, मजकुराचा नमुनाही आधी मंजूर करून घ्यायचा. रविवारपर्यंत? विसरा.

२०११ साली आठवतंय का, दिवसाला १०० च एसएमएस पाठवायची मर्यादा आली होती? मी तेव्हा कॉलेज रोडला होतो. आणि सणाच्या दिवशी पॅक चालायचा नाही, म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच धाडायच्या.

प्रेषक: अण्णा (महात्मानगर)

मी मस्कतहून परत येऊन नऊ वर्षं झाली तरी या यादीवर आहे, कारण नाशिकची कामं शेवटी माझ्याचकडे येतात. मजकूर ७० अक्षरांत बसत नाही म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी तार पाहिलेली नाही. शब्दागणिक पैसे. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना आकडे होते, आकडा सांगितला की वाक्य जाई. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, तोवर तार म्हटलं की दारात आधी रडारड, मग वाचन.

माझ्याकडे वही आहे. सगळे १३८, लँडलाइनसह, आणि कोणाला कोणत्या वेळी फोन करायचा तेही. ही वही गेल्या कार्यकारिणीने ‘डिजिटल’ केली, तेव्हा मला विचारलं नव्हतं.

प्रेषक: वैशाली

निखिल, पॅक चालायचा नाही हे खरंय! एका पाडव्याला माझे ४० रुपये कापले गेले होते.

प्रेषक: मंदार

अण्णा, वही तुमचीच आहे, कोणी काही काढून घेतलेलं नाही. एक्सेलमध्ये नुसती उतरवली.

प्रेषक: अण्णा

उतरवताना लँडलाइनचा रकाना गाळला.

प्रेषक: शुभा

अण्णा, तुम्हीच फोन करा, मी मदत करते. पण इथे दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, फक्त मेसेज जातात. साधा फोन केला तर पंधरा मिनिटांत माझं बिल बघायला नको. सासूबाईंना मी आवाजाचे मेसेज पाठवते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायचा कंटाळा येतो, पण तेच मेसेज दहा वेळा लावून ऐकतात, शेजारणीला ऐकवतात.

निरोप मात्र शहानिशा करूनच पाठवा. गोदेला पूर आला की दरवर्षी दुतोंड्या मारुती बुडाल्याचा तोच व्हिडिओ येतो, २०१९ चा. दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं वर लिहिलेलं असतं, तरी माझी आई रात्री दोनला रडत फोन करते.

प्रेषक: निखिल

बाण बघायचं कोणी शिकवलंय त्यांना? म्हणूनच चॅनेल म्हणतोय.

प्रेषक: अण्णा

चॅनेल पुढच्या वर्षी. शुभा, तू आवाजात निरोप बोलून मला पाठव, मी माझ्या नंबरवरून पुढे देतो. नाशिकचा नंबर सगळ्यांकडे सेव्ह आहे. बाकीचे मी आणि आमच्या सोसायटीचे तिघे मिळून फोन करतो. मिसळ किती जणांची सांगायची तेही त्याच फोनवर विचारून होईल, नाहीतर पापड उरतात.

प्रेषक: वैशाली

माझ्या बाबांना दुपारी १ ते ४ फोन नको.

प्रेषक: अण्णा

वहीत आहे.

प्रेषक: अण्णा

शनिवार, दुपारी बारा. ९७ पैकी ८३ बोलले, ९ जणांच्या घरी समोर जाऊन सांगितलं, ५ जण पुण्याला मुलांकडे गेलेत. पण आता नवंच. इंदिरानगरच्या एका काकूंनी मंदारचा महिन्यापूर्वीचा पहिला मेसेज काल कौतुकाने त्यांच्या भजनी मंडळात टाकला. जुना हॉल, जुनी वेळ, खाली तीन हात जोडलेले. मंदार, तो तिथून पुसता येतो का?

प्रेषक: मंदार

अण्णा, माझ्याकडचा पुसायलाही दोन दिवसांची मुदत असते, ती कधीच गेली. आणि पुढे गेलेली प्रत मी पुसून जात नाही. ती काकूंनीच पुसायला हवी. भजनी मंडळात किती जणी आहेत?

प्रेषक: अण्णा

सव्वीस. आणि पेटीवाले.