गळणारा डोळा: सळई आत्ताच घालावी की वर्षाची होईपर्यंत थांबावं?

दुपटं: लेक आठ महिन्यांची. उजवा डोळा जन्मापासून गळतो, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटलेल्या असतात. अश्रुनलिका जिथे नाकात उघडते तिथला पातळ पडदा फाटलेला नाही, बाकी डोळा ठणठणीत, असं निदान आहे. एक डॉक्टर म्हणतात, वर्षाची होईपर्यंत मसाज करा. दुसरे म्हणतात, आत्ताच प्रोबिंग करून टाकू, म्हणजे नलिकेत बारीक सळई घालून तो पडदा मोकळा करू. मी थांबण्याच्या बाजूची. दहातली जवळपास नऊ बाळं पहिल्या वर्षात आपोआप बरी होतात, मग सळई कशाला?

निशाचर: दहातली नऊ हा हिशोब जन्मापासूनचा. जी लवकर सुटायची ती सुटली, तुमची लेक मागे राहिलेल्यांतली. आमच्या मुलाचं नवव्या महिन्यात केलं. घट्ट गुंडाळला, डोळा बधिर करणारे थेंब टाकले, पाचेक मिनिटांत काम झालं. भोकाड पसरलं, पण घरी येईपर्यंत विसरलासुद्धा. वर्षानंतर पोर धरून ठेवता येत नाही, बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. थांबा म्हणणारे हे बोलत नाहीत.

दुपटं: मागे राहिलेल्यांचाही हिशोब झालाय. सहा ते दहा महिन्यांच्या बाळांवरचा अमेरिकेतला अभ्यास आहे, २०१२ सालचा. नुसता मसाज आणि गरज पडली तर अँटिबायोटिक थेंब, एवढ्यावर पुढच्या सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के डोळे मोकळे झाले. म्हणजे तिघांतल्या दोघांना उगाच धरून रडवलं असतं. आणि सळई चुकली तर नलिकेबाहेर भलतीच वाट पडते, ते वेगळंच.

निशाचर: त्याच गटाचा दुसरा आकडाही सांगा ना. मुलं दीड वर्षाची झाल्यावर पाहिलं, तेव्हा लगेच सळई घातलेल्यांत ९२ टक्के डोळे कोरडे होते, थांबून गरज पडल्यावरच सळई घातलेल्यांत ८२. शिवाय मधले सहा महिने चिपडं पुसत बसायचं ते आपण.

दुपटं: चिपडं मी पुसेन. भूल टळली तर सौदा वाईट नाही.

पाटीपेन्सिल: मसाज नक्की कुठे करताय? आम्ही चार महिने पापणीवरून बोट फिरवत होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो. क्रिग्लर यांनी १९२३ साली जी रीत सांगितली तिचा मुद्दाच दाब हा आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, अश्रूंच्या पिशवीवर बोट टेकवायचं आणि दाबत नाकाच्या कडेने खाली आणायचं, म्हणजे आतला द्रव पडद्यावर जोराने आदळतो. नखं कापलेली हवीत. आणि अँटिबायोटिक थेंबांनी नलिका उघडत नाही. पू येत असेल तेव्हा तेवढ्यापुरते ते ठीक.

बुबुळ: लहान मुलांचे डोळे तपासणं हे माझं रोजचं काम. तुमच्या वादात मी निशाचर यांच्याकडे किंचित झुकते, पण मला खटकतं ते वेगळंच. दुपटं यांच्या लेकीचा बाकी डोळा तपासून झालाय, ठीक. हे वाचणाऱ्या बाकीच्यांचं काय? बाळ उजेडाकडे बघत नाही, डोळे घट्ट मिटून घेतं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं, तर ते पाणी नलिकेचं नाही असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जन्मजात काचबिंदूतही डोळा गळतो, आणि तिथे थांबलं तर नजर जाते. नवजात बाळाच्या कोपऱ्यात निळसर गाठ दिसली किंवा पापणीभोवती लाल सूज आणि ताप आला, तरी मसाज करत बसू नका. आणखी एक, गळणाऱ्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा वेगळा निघण्याचं प्रमाण जास्त असतं. डोळा आळशी होऊ नये, म्हणजे त्याची नजर कमजोर राहू नये म्हणून नंबर तपासून घ्या, सळई घाला वा न घाला.

दुपटं: नंबराचं दोघांपैकी एकाही डॉक्टरांनी काढलं नव्हतं. परवाची वेळ घेतली. सळईचा निर्णय मात्र बदललेला नाही, बोट फक्त योग्य जागी ठेवणार.

निशाचर: चौदाव्या महिन्यात भूल द्यायची वेळ आली तर इथे येऊन कळवा. 'सांगितलं होतं' असं म्हणणार नाही. बहुतेक.