मोटरसायकलचे काम स्वतः करताना थांबून बघणाऱ्यांना काय सांगावे?

सैल_साखळी:

गेली तीन वर्षे मी माझ्या मोटरसायकलची नेहमीची कामे स्वतः करते. ऑईल बदलणे, स्पार्क प्लगची फट तपासणे, क्लचचा प्ले (मोकळा ढिलेपणा) जुळवणे, ब्रेक शू बदलणे आणि चेन ताणणे ही कामे आता हाताला बसली आहेत. अडचण आहे ती काम चालू असताना थांबून बघणाऱ्यांची. "तुम्ही स्वतः करता?", "कोणी शिकवले?", "घरात दुसरे कोणी नाही का?" हे प्रश्न ठरलेलेच असतात आणि काही जण तर काहीही न विचारता हातातला पानाच काढून घेतात.

गेल्या आठवड्यात मागच्या ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सैल करून मी दोन्ही बाजूंचे चेन ॲडजस्टर, म्हणजे चाक पुढेमागे सरकवून चेनचा ताण जुळवणारे नट, फिरवत होते. दोन्ही बाजू सारख्या पुढेमागे व्हाव्यात म्हणून मी षटकोनी नटाचा एकेक पैलू मोजते. त्या वेळी डावीकडे तीन पैलू झाले होते आणि उजवीकडे दोन. तेवढ्यात एक गृहस्थ थांबले, त्यांनी मनापासून कौतुक केले आणि "द्या इकडे, हे जोराचे काम आहे" असे म्हणत उजवीकडचा नट झपाझप फिरवला. किती फिरवला हे नंतर त्यांनाही सांगता येईना. मी संकोचाने गप्प राहिले, आणि ते निघून गेल्यावर स्वतःवरच चिडले. आता गाडी चालवताना मागून सतत कुरकुर ऐकू येते. शिवाय चाक हाताने फिरवले की चेन एका जागी ताठ लागते आणि दुसऱ्या जागी लोंबते.

माझे दोन प्रश्न आहेत. चाक पुन्हा सरळ कसे आणावे, आणि समोरच्याचा हेतू चांगला असताना त्याला न दुखावता कसे थांबवावे?

पाना_चौदा:

मी स्त्री आहे आणि गेली एकोणीस वर्षे दुचाकी दुरुस्तीचेच काम करते, त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचे आहेत.

आधी चाकाचे बघू. स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचे चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या, खुणांवर पूर्ण विश्वास ठेवू नका. त्या कित्येकदा दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळत नाहीत. स्विंगआर्म ज्या बोल्टभोवती हलतो त्याच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजा आणि ते सारखे करा. मग इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना चाक हाताने सावकाश फिरवा, चेन सर्वांत ताठ कुठे होते ते शोधा आणि तिचा सैलपणा त्याच जागी मोजा. लहान गाड्यांना खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या) मधोमध, साधारण 20 ते 30 मिलिमीटर सैलपणा सांगितलेला असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम समजा. ॲक्सलचा नट आवळल्यावर हे माप पुन्हा घ्या, कारण आवळताना ॲक्सल किंचित सरकतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा प्लेही तपासा. चाक मागे सरकले की तो बदलतो आणि हे हमखास विसरले जाते.

"जोराचे काम" या समजुतीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला 15 किलो वजनाइतका दाब दिला की नटावर सुमारे 73 न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि बऱ्याच लहान मोटरसायकलींच्या मागच्या ॲक्सलला याच्याच आसपास पीळ लागतो. पंधरा किलो म्हणजे शरीराचा भार जरासा पुढे टाकणे एवढेच. न सुटणारा नट दंडाच्या ताकदीने क्वचित सुटतो. तो सुटतो लांब दांड्याने, घट्ट बसणाऱ्या सहा पैलूंच्या सॉकेटने आणि गंजावर तेल सोडून रात्रभर थांबण्याने. उलट तेलाचा ड्रेन प्लग (जुने तेल काढायचे खालचे बूच) ताकदवान हातांनी आवळून अॅल्युमिनियमचे आटे कायमचे गेलेली इंजिने माझ्याकडे नेहमी येतात.

लोकांचे म्हणाल तर माझा एकच नियम आहे: माझ्या हातातला पाना मी कोणाला देत नाही. "मोजणी चालू आहे, संपली की बोलते," एवढे वाक्य मान वर न करता, शांत आवाजात म्हणते. त्यात अपमान नाही आणि ते खरेही आहे.

संथ_किक:

मी पुरुष आहे, आणि तुमच्या त्या गृहस्थांसारखा मीही एकदा वागलो आहे, म्हणून लिहितो. ओळखीतल्या एका बाई स्वतःच्या गाडीचे ऑईल बदलत होत्या. त्यांनी मागितली नसताना मी मदत केली आणि ड्रेन प्लग इतका आवळला की पुढच्या वेळी तो सुटताना आटे घेऊनच बाहेर आला. त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही, आणि मला आजही बोचते ते तेच. मी स्वतःला विचारले, त्यांच्या जागी पुरुष असता तर मी पाना मागितला असता का? नसता मागितला. मी उभा राहून बघितले असते, फार तर गाडी कितपत धावते असे विचारले असते. त्यामुळे माझी विनंती आहे की माणसाला दुखावण्याची काळजी जरा कमी करा. "नको, मी करते आहे," हे वाक्य मला त्या दिवशी ऐकायला मिळाले असते तर दोघांचेही बरे झाले असते.

फिरते_चाक:

मला खटकते ते हे की हे आश्चर्य दर पिढीत नव्याने व्यक्त होते. थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी डिसेंबर 1934 मध्ये लंडनहून 600 सीसीच्या पँथर मोटरसायकलला साइडकार आणि मागे ट्रेलर जोडून निघाल्या आणि सहारा ओलांडून जुलै 1935 मध्ये केपटाउनला पोहोचल्या. वाळवंटात बिघडलेल्या गाडीपुढे "कोणी शिकवले?" असे विचारणारेही कोणी नव्हते. वॉलाक यांनी पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मेकॅनिक आणि निरोप्या स्वार म्हणून काम केले.

ब्रिटिश अभियंत्या बिअॅट्रिस शिलिंग यांचे उदाहरण तर दुरुस्तीचेच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमान एकदम खाली झेपावले की त्याचे मर्लिन इंजिन गचके खाऊन बंद पडू लागे. 1941 मध्ये त्यांनी पेट्रोलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा, छोट्या भोकाचा एक साधा धातूचा भाग सुचवला, जो विमान सेवेतून न काढताही बसवता येत असे. याच बाईंनी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मार्गावर नॉर्टन मोटरसायकलवरून ताशी 100 मैलांपेक्षा जास्त वेगाने फेरी मारली होती. ही नावे मोटरसायकलवेड्या माणसांनाही ठाऊक नसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नवी_शिकाऊ:

पाना_चौदा यांचा नियम मला पटतो, तरी एक विनंती आहे. मी स्वतः अशीच थांबून बघणारी होते. एक बाई प्लग काढत होत्या आणि मी विचारले, "हे तुम्हाला येते?" प्रश्न चुकीचा होता हे आता कळते, पण तेव्हा माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते. त्यांनी हातातले काम संपवले, काळपट पडलेला प्लग माझ्या तळहातावर ठेवला आणि टोकावरची काजळी दाखवत मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याची ही खूण असल्याचे सांगितले. मी शिकायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. तेव्हा पाना देऊ नका, हे खरेच. पण विचारणारी एखादी मुलगी असेल तर मोजणी संपल्यावर तिच्याशी बोला.

सैल_साखळी:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मोजले तेव्हा उजवी बाजू डावीपेक्षा चार मिलिमीटर मागे निघाली. ती सारखी केल्यावर कुरकुर थांबली. पण चेनची ताठ जागा तशीच राहिली. मागच्या स्प्रॉकेटवर सर्वांत मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून बघितली तर अर्धा दात उघडा दिसला. म्हणजे चेन झिजलेलीच होती, आणि त्या गृहस्थांवर मी सगळा राग काढला तो पूर्ण रास्त नव्हता.

काम चालू असताना एक शेजारी थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात विजेरी दिली आणि पैलू मोजायला सांगितले. त्यांनी नीट, मोठ्याने मोजले. आता चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलणार आहे. पुढचे स्प्रॉकेट काढताना शाफ्ट फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून मागचा ब्रेक दाबून धरणे पुरेसे होते का, की वेगळी पकड लागते, हे पाना_चौदा यांनी सांगावे.

पाना_चौदा:

पुरेसे होते, पण जुनी चेन चढवलेली असतानाच तो नट सैल करून घ्या. चेन उतरवल्यावर ब्रेकचा धरलेला जोर पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत पोहोचत नाही. नटाखाली दुमडलेला लॉक वायसर असेल तर तो आधी सरळ करा आणि बसवताना नवा वापरा. ब्रेक दाबून धरायला मात्र दुसरे माणूस लागेल. त्या शेजाऱ्यांना बोलवा.