मदत हवी आहे: क्रेनने नग उचलताना केएम कुठलं धरायचं?

जहाजाच्या स्थिरतेचं एक गणित तीन दिवस अडलंय. विस्थापन (जहाजाचं एकूण वजन) 8000 टन, केजी (कीलपासून, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यापासून, गुरुत्वमध्याची उंची) 6 मीटर, केएम (कीलपासून मेटासेंटरची, म्हणजे थोडं कलल्यावर जहाज ज्या बिंदूभोवती झुलतं त्याची उंची) 7 मीटर. जहाजाच्याच क्रेनने धक्क्यावरून 50 टनांचा नग उचलायचा आहे. क्रेनचं टोक कीलपासून 25 मीटर उंच, मध्यरेषेपासून 14 मीटर बाहेर.

नग धक्क्यावरून सुटला की त्याचं वजन क्रेनच्या टोकाशीच धरायचं, मग तो खाली कितीही लोंबत असो, हे पटलंय. त्यावरून नवं केजी 6.118 आणि जीएम (केएम उणे केजी, म्हणजे स्थिरतेचं माप) 0.882 मीटर आलं. शिवाय 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद बॅलास्ट टाकी (जहाज स्थिर ठेवायला पाणी भरतात ती) समुद्राच्या पाण्याने अर्धी भरलेली आहे. जहाज कललं की ते पाणीही त्याच बाजूला धावतं, म्हणून जीएममधून आणखी 0.212 वजा केले. उरलं 0.670, कल साधारण 7.4 अंश. टाकी रिकामी करा किंवा काठोकाठ भरा असं कृपया सुचवू नका, गणितात ती अर्धीच आहे. क्रेनचं स्वतःचं वजन बाहेर सरकतं ते धरलेलं नाही.

केएम मी 7 च ठेवलं. पण वजन वाढलं की ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते) वाढतो आणि केएम बदलतं. मग नग हवेत असताना तक्त्यातून केएम 8000 टनांचं वाचायचं की 8050 टनांचं? आणि एवढ्या कलाला टॅनचं साधं सूत्र (टॅन कल = नगाचं वजन × बाहेरचं अंतर ÷ (विस्थापन × जीएम)) चालतं का?